अर्थशास्त्राला कॉलेज कुठलं घ्यावं? आधी तिसऱ्या वर्षाचा वर्ग बघून या

कागल तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय : मुलीला बारावी कॉमर्सला ८६ टक्के पडलेत, गणिताऐवजी एसपी (सेक्रेटेरिअल प्रॅक्टिस) घेतला होता. तिला अर्थशास्त्रातच पदवी करायची आहे. मामा म्हणतो, बी.कॉम. कर. शेजारचे म्हणतात, पुण्याला पाठवा, कोल्हापुरात काय ठेवलंय? घरी अडीच एकर ऊस, त्यावरच सगळं चालतं. कॉलेज कुठलं घ्यावं?

ताई, मी सव्वीस वर्षं कोल्हापुरात अर्थशास्त्र शिकवतोय. माझं मत आधीच सांगतो. तुमच्या मुलीने पदवी कोल्हापुरात करावी, त्या काळात गणिताची उणीव भरून काढावी आणि एम.ए.ला बाहेर पडावं. कोल्हापुरातलं नेमकं कुठलं कॉलेज, हे तुम्ही दोघींनी तिथे जाऊन, बघून ठरवायचं. काय बघायचं ते खाली सांगतो. पण आधी गणिताचं बोलू. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे आणि तुम्ही ती जाता जाता लिहिलीय.

कॉमर्सला गणित घ्यायचं की एसपी, हे अकरावीच्या प्रवेशाच्या गडबडीत पाच मिनिटांत ठरतं. एसपीला मार्क बरे पडतात, मैत्रिणींनी तेच घेतलेलं असतं, झालं. त्याचा परिणाम आत्ता दिसतो. दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्राला २०२२ पासून सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षेतून प्रवेश मिळतो आणि त्यासाठी गणित लागतंच. बी.एस्सी. इकॉनॉमिक्स नावाचे बरेच अभ्यासक्रमही बारावीचं गणित मागतात. ही दारं तिच्यासाठी आज बंद आहेत. आपल्याकडच्या बी.ए.चं दार उघडं आहे, तिथे प्रवेशाला गणित कोणी विचारत नाही. मात्र प्रवेशाला विचारलं नाही म्हणून विषयाला लागत नाही, असं समजू नका.

एक उदाहरण देतो, तुमच्या भागातलंच. समजा एका गुऱ्हाळात दिवसाला 'क' इतके गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, निघतात आणि एकूण खर्च १०० + ५ × क + २ × क × क असा येतो. आकडे सोयीसाठी घेतलेत. दहा रव्यांना खर्च ३५०, अकरा रव्यांना ३९७. म्हणजे अकराव्या रव्याने खर्च ४७ ने वाढवला. याला आम्ही सीमांत खर्च म्हणतो. गणितात याच खर्चाचं विकलन केलं, म्हणजे तो त्या जागी किती वेगाने वाढतो ते काढलं, तर ५ + ४ × क मिळतं, दहाव्या रव्यापाशी ४५. एकीकडे ४७ आणि दुसरीकडे ४५ का आले, हे जिला समजलं तिला अर्थशास्त्रातली निम्मी वाट मोकळी झाली. ४५ हा त्या जागेवरचा चढ आहे, ४७ हे एक पूर्ण पाऊल टाकल्यावर चढलेलं अंतर. पुस्तकात लिहिलेलं असतं की सीमांत खर्चाची रेषा सरासरी खर्चाच्या रेषेला तिच्या सर्वांत खालच्या बिंदूत छेदते. मुलं ते पाठ करतात, आकृती सुबक काढतात, पैकीच्या पैकी मार्क घेतात. तिथेच का छेदते, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. विकलन येणारी मुलगी ते चार ओळींत सिद्ध करते.

यात माझीही चूक आहे आणि ती मला सांगायलाच हवी. नोकरीची पहिली दहा-बारा वर्षं मी वर्गात सांगत असे, 'गणिताला घाबरू नका, आपल्याला ते फारसं लागत नाही.' मुलं वर्गात टिकावीत म्हणून सांगायचो. मग माझी एक विद्यार्थिनी, पदवीला उत्तम गुण मिळवलेली, बाहेरच्या एका संस्थेत एम.ए.च्या प्रवेशपरीक्षेला बसली. परत आली आणि म्हणाली, 'सर, पेपरात अर्थशास्त्र कुठं होतं तेच कळलं नाही. सगळी गणितंच होती.' तिच्या बुद्धीत काही कमी नव्हतं. मी तिला वेळेवर सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून पहिल्या वर्षाला पहिल्याच तासाला मी गणिताचं बोलतो.

तेव्हा मुलीला आजपासून काम द्या. बारावी कॉमर्सच्या गणिताची दोन्ही पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पहिल्या भागात मॅट्रिक्स, विकलन, विकलनाचे उपयोग आणि संकलन आहे. दुसऱ्या भागात रेषीय समाश्रयण, निर्देशांक, संभाव्यता वितरण. ही प्रकरणं अर्थशास्त्राच्या मुलीने केलीच पाहिजेत. मध्ये अकरावीचं काही अडलं तर मागे जाऊन ते बघायचं. रोज एक तास धरला तर दिवाळीपर्यंत पहिला भाग होतो. ज्युनिअर कॉलेजच्या गणिताच्या सरांना भेटून शंका विचारायला परवानगी घ्या. मनापासून शिकायला आलेल्या पोरीला नाही म्हणणारा गणिताचा मास्तर मी अजून पाहिलेला नाही.

आता कॉलेज. पहिल्या वर्षाचा वर्ग सगळीकडे भरलेला दिसतो. तिथून काहीच कळत नाही. तुम्ही तिसऱ्या वर्षाचा, अर्थशास्त्र मुख्य विषय असलेल्या मुलांचा वर्ग बघा.

कारण असं. नवीन शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आपल्याकडे स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ ला आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ ला आला. त्यात एक मेजर म्हणजे मुख्य विषय, एक मायनर म्हणजे जोडविषय, शिवाय कौशल्याचे, भाषेचे, मूल्यशिक्षणाचे पेपर, क्षेत्र प्रकल्प, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण असं बरंच काही आहे. पहिल्या वर्षी मुलांची गर्दी असते. पुढे मुलं इतिहास, राज्यशास्त्र, मराठी, भूगोल अशी वाटली जातात आणि अर्थशास्त्राला कुठे साठ उरतात, कुठे सहा. मुलं कमी झाली की काही ठिकाणी मेजर चालवणंच अवघड होतं. म्हणून प्रवेशाच्या खिडकीवर 'अर्थशास्त्र आहे का' एवढंच विचारू नका, त्याला 'आहे' हेच उत्तर मिळतं. विभागात जा आणि विचारा : या वर्षी तिसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र मेजरची किती मुलं आहेत? मायनरला संख्याशास्त्र किंवा गणित घेता येतं का? चौथं वर्ष, म्हणजे ऑनर्स, तुमच्याकडे चालतं का?

चौथ्या वर्षाचं थोडं समजून घ्या. तीन वर्षांनी पदवी मिळतेच. चार वर्षं केली तर ऑनर्स मिळते आणि पुढे पदव्युत्तर एका वर्षात होऊ शकतं. संशोधनासह ऑनर्स करायची असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. मुलीला पुढे शिकायचंच असेल तर हा हिशोब पहिल्या वर्षापासून डोक्यात हवा. तिसऱ्या वर्षात जाग येऊन उपयोग नाही.

दुसरी गोष्ट शिक्षकांची. विभागात पूर्णवेळ किती आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर किती, हे विचारायला लाजू नका. सीएचबीवरच्या माझ्या कितीतरी तरुण सहकाऱ्यांना विषय माझ्यापेक्षा ताजा येतो, हे मी मनापासून सांगतो. पण त्यांना तासाप्रमाणे पैसे मिळतात, नेमणुका उशिरा होतात, मध्येच दुसरीकडे संधी आली की जावं लागतं. सत्र सुरू होऊन महिना झाला तरी संख्याशास्त्राच्या पेपरला माणूस नाही, असं अनेक कॉलेजांत घडतं. त्याचा भुर्दंड मुलांना बसतो. म्हणून मी नेहमी एकच पेपर धरून विचारायला सांगतो : 'संख्याशास्त्र किंवा अर्थमिती (आकड्यांवरून आर्थिक संबंध मोजायचं शास्त्र) कोण शिकवतं, आणि मागच्या सत्रात त्याचे किती तास झाले?' विभागप्रमुखांचं उत्तर ऐका. मग कॅन्टीनमध्ये किंवा एसटीच्या थांब्यावर तिसऱ्या वर्षाच्या दोन मुली गाठा आणि त्यांनाही तेच विचारा. दोन्ही उत्तरं जुळली तर कॉलेज चांगलं आहे, मग इमारत जुनी का असेना.

ग्रंथालयातही डोकावा. कपाटं किती, हे बघू नका. अर्थशास्त्राचं एखादं पुस्तक काढून मागे चिकटवलेल्या कागदावर शेवटची तारीख कुठली आहे ते बघा. संगणकावर नोंदी असतील तर ग्रंथपालांना विचारा, अर्थशास्त्राची मुलं येतात का. ग्रंथपाल खरं सांगतात.

कोल्हापुरात पर्याय बरे आहेत. राजाराम महाविद्यालय १८८० सालचं, सरकारी, फी कमी. विवेकानंद १९६४ चं आणि स्वायत्त. स्वायत्त म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजची, पदवी मात्र शिवाजी विद्यापीठाची. याने अभ्यासक्रम लवकर बदलता येतो, पण त्याचबरोबर आपणच शिकवायचं आणि आपणच तपासायचं असं होतं, म्हणून जुन्या प्रश्नपत्रिका मागून बघा. प्रश्न 'स्पष्ट करा', 'टिपा लिहा' यांच्या पुढे जातात का? एखादं गणित, एखादा तक्ता वाचून निष्कर्ष काढायचा प्रश्न असतो का? शहाजी, न्यू कॉलेज, गोखले, महावीर, आणि फक्त मुलींचं हवं असेल तर कमला. मी यांची क्रमवारी लावणार नाही, कारण एकाच कॉलेजात दोन वर्षांत एक शिक्षक निवृत्त झाला की विभागाचा रंग बदलतो. नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था, जी श्रेणी देते ती सगळ्या कॉलेजची असते. अर्थशास्त्राच्या विभागाचं त्यावरून फार कळत नाही.

कोल्हापूरचा आणखी एक फायदा लोक मोजत नाहीत. शिवाजी विद्यापीठ इथेच आहे, १९६२ पासून. अर्थशास्त्र विभागात पाहुण्यांची व्याख्यानं, चर्चासत्रं होतात. विद्यापीठाचं बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे. गावात करवीर नगर वाचन मंदिर आहे, तेही १८५० पासूनचं. दुसऱ्या वर्षापासून मुलीने महिन्यातून एकदा तरी विद्यापीठात चक्कर मारावी. परवानगीने मागे बसलेल्या पदवीच्या मुलीला कोणी हाकलत नाही.

आता शेजाऱ्यांचं पुणं. पुण्याचं मोठेपण मी नाकारत नाही. फर्ग्युसन १८८५ चं, गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० ची. धनंजयराव गाडगीळ, वि. म. दांडेकर या अर्थशास्त्रज्ञांनी आपल्या देशाच्या नियोजनाचा आणि गरिबीचा अभ्यास जिथे बसून केला, ती ही संस्था. तिथे शेजारच्या बाकावर बसणारी मुलं हुशार असतात, आणि हुशार सोबत ही शिक्षकाइतकीच मोठी गोष्ट आहे. तुमच्या मुलीला बारावीला गणित असतं आणि घरचा खर्च झेपण्यासारखा असता, तर मी तिला आत्ताच प्रवेशपरीक्षा द्यायला सांगितलं असतं. आज गणित नाही. शिवाय राहणं, जेवण, प्रवास धरला तर पुण्यात महिन्याला दहा हजारांत भागवणं कठीण जातं. अडीच एकर उसात तीन वर्षं हा खर्च काढायचा तर कर्ज होईल. पुण्यातल्या कुठल्याही साध्या कॉलेजात, फक्त शहर मोठं म्हणून, बी.ए.ला जाऊ नये. तेवढे पैसे एम.ए.साठी राखून ठेवा. पदव्युत्तरला चांगली संस्था मिळाली तर तो खर्च सार्थकी लागतो.

त्या पुण्याच्या संस्थेला ज्यांचं नाव आहे ते गोपाळ कृष्ण गोखले लहानपणी तुमच्या कागललाच शाळेत होते. पुढे कोल्हापूर, राजाराम कॉलेज, मग मुंबईला जाऊन १८८४ ला पदवी. फर्ग्युसनमध्ये त्यांनी गणितही शिकवलं, अंकगणिताचं पुस्तक लिहिलं. आणि १९०२ साली कायदेमंडळात उभं राहून सरकारच्या अर्थसंकल्पाची झडती घेतली, शिलकीचे आकडे दिसतात ते रुपयाचा भाव चढवल्यामुळे, आणि त्या शिलकेसाठी गरिबांवरचे कर चढे ठेवलेत, असं आकड्यांनी दाखवलं. हे मी मुलांना दरवर्षी सांगतो, कारण कागल ते कोल्हापूर ते मुंबई हा रस्ता नवा नाही आणि त्या रस्त्यावर अंकगणिताची शिदोरी बरोबर होती.

भाषेचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो येणार. बी.ए. मराठीतून लिहिता येते आणि त्यात कमीपणा काही नाही. मी स्वतः मराठीत शिकवतो, कारण कल्पना आईच्या भाषेत पक्की बसते. पण वाचन दोन्ही भाषांत हवं. 'मागणीची लवचिकता' आणि 'इलॅस्टिसिटी ऑफ डिमांड' दोन्ही शब्द तिच्या वहीत शेजारी शेजारी हवेत. पहिल्या वर्षी इंग्रजी पाठ्यपुस्तकाची रोज दोन पानं, शब्दकोश जवळ घेऊन. दुसऱ्या वर्षाच्या शेवटाला ती रिझर्व्ह बँकेचा अहवाल वाचू लागते. पुढच्या बहुतेक मोठ्या संस्थांमध्ये शिकवणं इंग्रजीत असतं. तिथे जाऊन एकदम इंग्रजीत पडलेली आमची हुशार मुलं पहिलं सत्र गप्प बसून काढतात, ते बघवत नाही.

आणि तिला सांगा, तिच्याकडे असं काही आहे जे पुण्या-मुंबईच्या मुलांकडे नाही. घरात उसाचं बिल येतं. अभ्यासक्रमातल्या क्षेत्र प्रकल्पाला बहुतेक मुलं कुठूनतरी वीस पानं उतरवून आणतात. तिने आपल्या गल्लीतल्या तीस घरांची उसाची बिलं घ्यावीत, अर्थात विचारून. एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचाच असा किमान दर, केंद्र सरकार ठरवतं, २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला ३५५ रुपये. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत. प्रत्यक्ष किती दिवसांत आले? तोडणी-वाहतूक किती कापली? पहिली उचल किती, दुसरी कधी? ज्या घरात गुऱ्हाळाला ऊस घातला त्यांना काय पडलं? लहान शेतकऱ्याला आणि मोठ्या शेतकऱ्याला तोड एकाच वेळी मिळते का? हे तीस घरांचं कोष्टक तिने स्वतः तयार केलं, सरासरी आणि मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) काढला, दोघांत फरक का पडला ते लिहिलं, की तो अभ्यास एम.ए.च्या मुलाखतीत तिच्या बाजूने बोलेल. कॉलेज निवडताना विभागातले मागच्या वर्षीचे दोन-तीन प्रकल्प मागून बघा. आकडे स्वतः गोळा केलेले असतील तर तिथे शिक्षक वाचतात, हे लगेच ओळखू येतं.

नोकरीचं थोडक्यात. भारतीय आर्थिक सेवेची यूपीएससीची परीक्षा द्यायला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. रिझर्व्ह बँकेत अर्थतज्ज्ञ म्हणून जायलाही तेच. प्राध्यापक व्हायचं तर एम.ए. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. म्हणजे नुसत्या बी.ए. अर्थशास्त्रावर थांबायचं असेल तर नोकऱ्या त्याच, ज्या कुठल्याही पदवीधराला. हे कळूनच आत या. एमपीएससीचा क्लास जवळ आहे म्हणून कॉलेज निवडू नका. तीन वर्षं क्लासात बसून विषय कच्चा राहिलेली आणि परीक्षाही न निघालेली पोरं मी खूप पाहिली आहेत, त्यांचे चेहरे आठवले की झोप लागत नाही.

पैशांसाठी उत्पन्नाचा दाखला आणि अधिवासाचा दाखला आत्ताच तहसीलमधून काढून ठेवा. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरायचे असतात, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजनाही तिथेच आहे. तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित, हे प्रवेशाआधी लेखी विचारा. एकाच कॉलेजात दोन्ही असतात आणि फीमध्ये मोठा फरक पडतो. एसटीचा विद्यार्थी पास स्वस्त आहे, पण गाव आत असेल तर जाण्यायेण्यात रोज दोन-तीन तास जातात आणि ते तास अभ्यासातून जातात. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात बोर्डिंगं उभी केली ती तुमच्या-माझ्यासारख्यांच्या मुलांसाठीच. कॉलेजच्या आणि समाजकल्याणच्या मुलींच्या वसतिगृहांचे अर्ज प्रवेशाबरोबरच भरा, नंतर जागा राहत नाहीत.

मामांचं बी.कॉम.चं म्हणणं चुकीचं नाही. मुलीचा ओढा हिशोबाकडे असता, सीए व्हायचं असतं, तर मीही तेच सांगितलं असतं. बी.कॉम.लाही अर्थशास्त्राचे पेपर असतात, पण मुख्य विषय तो नसतो. तिला अर्थशास्त्र का हवंय, हे तुम्ही तिला एकदा शांतपणे विचारा. 'सोपं वाटतं म्हणून' असं उत्तर आलं तर मामांचं ऐका. 'उसाला दर कोण ठरवतं ते कळत नाही' असं काही म्हणाली तर तिला अडवू नका.

बी.ए.चा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो, ८६ टक्क्यांना जागा मिळण्याची काळजी नको. अर्ज दोन कॉलेजांत भरा. पहिल्या यादीआधी दोन्हीकडे एकेक सकाळ घालवा, तिसऱ्या वर्षाच्या एका तासाला मागच्या बाकावर बसायची परवानगी मागा, आणि लेकीलाच बसू द्या, तुम्ही बाहेर थांबा. बाहेर आल्यावर तिला काय शिकवलं ते तुम्हाला सांगायला सांगा. जिथलं तिला सांगता येईल तिथे नाव घाला.